मोज्यातलं कुसळ

लॉन आलं ते मिरजेच्या नर्सरीतून, टेम्पोनं,
सतरंजीच्या वळकट्या कराव्यात तसं
ओल्या पोत्यात गुंडाळून.
टेलिफोन खात्यातून सुटलो त्या वर्षीची गोष्ट.
अथणीत, आमच्या कॉलनीत तरी, पहिलंच.
पोरं गेटबाहेर चपला काढून विचारायची,
काका, पाय ठेवू काय?

लेक कॅनडातून सांगते, वसंत आला की
लॉनला भोकं पाडा, खत द्या,
विरळ दिसेल तिथं बी टाका.
तिच्याकडं वसंत म्हणजे बर्फाखालून माती दिसते.
आमच्याकडं वसंत म्हणजे
बोअरमध्ये सोडलेली दोरी
दगड बांधून खाली जाते
आणि कोरडी वर येते.

तरी पाडली भोकं.
जुन्या चपलांच्या तळाला खिळे ठोकले
आणि चाललो बावीस फेऱ्या.
देशनूर सर कठड्यावरून बघत होते.
म्हणाले, नवस बोललाय काय हो?

टँकर तिसऱ्या दिवशी.
गल्लीत घागरींची रांग,
आणि मी रात्री, अंगणातला दिवा न लावता,
पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबून
आवाज होऊ नये असा
गवताला पाणी घालायचो.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

खुरपणीला निंगव्वा यायची.
उपटलेलं तण ती टाकत नसे, ओच्यात भरायची.
शेळीला, म्हणाली. तुमच्या त्या हिरव्याला
शेळी तोंड लावत नाही, बघा की.
मुठीतली एक काडी पुढं केली: करकी.
मी म्हटलं, हरळी.
ती म्हणाली, असंल.
आणि ओच्यात टाकली.

एका सकाळी तिच्यामागं गायरानावर गेलो.
माळ सगळा जुन्या गुळाच्या रंगाचा.
ही मारवेल. हा पवन्या. हा शेडा, उंच, बारीक.
मला सगळं एकच दिसत होतं, वाळलेलं.
मेलंय की गं सगळं, म्हटलं.
निंगव्वा थांबली. माझ्याकडं नीट बघून म्हणाली,
म्हस आटली म्हणजे मेली काय?

घरी येऊन पाइप गुंडाळून ठेवला.
लॉन अकरा दिवसांत गेलं.
आधी कडेनं, मग मधे, मग जिथं
नातवाचं फुगवायचं तळं ठेवलं होतं तिथं.
उचकटायला बसलो तर खाली
नायलॉनची जाळी लागली, नर्सरीतली, अजून शाबूत.
दोन वर्षं, एवढं पाणी,
आणि मुळं जाळीच्या खाली
बोटाचं एक पेरभरसुद्धा उतरली नव्हती.
रात्रीच्या रात्री मी
एका पाहुण्याला पाणी पाजत होतो
ज्यानं बॅगच उघडली नव्हती.

आता नुसती माती आहे.
निंगव्वाच्या पिशवीत मारवेलीचं बी आहे,
खुंटीवर टांगलेलं.
आत्ता नको, म्हणते. रोहिणीच्या आधी, धुळीतच टाकू.
तोवर मुंग्यांना दुसरीकडं काहीतरी घाला.
देशनूर सरांना वाटतं, घर विकायला काढलंय.
लेकीनं व्हिडिओवर विचारलं, बाबा, लॉन कुठाय?
मी फोन जमिनीकडं वळवला.
ती बराच वेळ काही बोलली नाही,
मग म्हणाली, तुमची सावली छान पडलीय.

काल मोजे धुवायला काढले
तर गायरानावरचं एक कुसळ शिवणीत रुतलेलं.
काढलं. तळहातावर ठेवलं.
धुण्याच्या हाताचा एक थेंब त्यावर पडला
आणि ते वळायला लागलं.
आपसूक, पीळ सोडत, हळूहळू,
टोक माझ्या कातडीला लावून
आत शिरायला जागा शोधत.

मी हात हलवला नाही.
नळाला पाणी आलं होतं, वाहून चाललं होतं,
बायको आतून हाका मारत होती.