बावीस ट्रॉल्या

घरामागच्या सांदवाडीत
वरची हातभर माती नाही.
मीच विकली होती,
साकोली डेपोत ड्रायव्हर असताना,
वीटभट्टीवाल्या हेमराजला,
ट्रॉलीमागे दीडशे रुपये.
बावीस ट्रॉल्या. वहीत आकडा अजून आहे.

पैशांचं काय केलं, आठवत नाही.
बहुतेक कूलर.

आता रिटायर होऊन वांगी लावली
तर रोप गुडघ्यापाशी येऊन थांबतं,
पुढचा स्टॉप रद्द झाल्यासारखं.
खाली नुसती खरडी.
कुदळ मारली की ठण्ण.

भागरता म्हणाली,
"उपाशी मातीले कामाले लावता का जी?
आधी तिले जेवू तं घाला."

बाजारात देवाजी नाकाडे
बियाण्याच्या पोत्यांमागे सुपारी कातरत बसला होता.
भाव नंतर सांगितला, आधी विचारलं:
पाणी साचते का? ऊन किती येते?
जागा कधी मोकळी पायजे?
"साचत असंल तं धैंचा, त्याचे पाय ओले राह्यले तरी चालते.
निचरा असंल तं ताग.
सावलीत बरबटी टाक.
अन् थंडीत काही नको करू,
धानाच्या बांदीत ओलीवर फेकतो ना आपण,
तशी लाखोळी फेक."

मला एक काही ठरवता येईना.
विहिरीकडच्या खोलगट कोपऱ्यात धैंचा,
मधे ताग,
चिंचेखाली बरबटी.
भागरतानं गुळाच्या पाण्यात काळी पुडी कालवली,
नवरदेवाला हळद लावावी तसं
बी चोळून काढलं,
पडवीत पोत्यावर वाळवलं.
पुनर्वसू लागलं होतं.
मी ओळी मोजून पेरायला लागलो तर म्हणते,
"दाट टाका. भुई दिसली नाही पायजे.
उघडी ठेवूनच तं हे झालं."

महिन्याभरानं तागाचं एक रोप उपटलं.
मुळाला गाठी, ज्वारीच्या दाण्याएवढ्या.
एक नखानं फोडली.
आत गुलाबी,
नातवाच्या हिरड्यांसारखी.
देवाजी म्हणाला होता, गुलाबी असंल तं समज
काम चालू आहे.

संध्याकाळी गावातून चालताना
मी हल्ली भिंती पाहतो.
ग्रामपंचायतीच्या पायऱ्या.
लक्ष्मण कापगतेचं न्हाणीघर.
जयवंता मेश्रामच्या घराची उत्तरेकडची भिंत,
गिलावा न केलेली,
पायथ्याशी पाण्याच्या शिंतोड्यांनी सोललेली, लाल.
माझ्या सांदवाडीत लोक राहतात, दिवा लावतात,
खिळे ठोकून कॅलेंडर टांगतात.
परत माग म्हणून कोणाला म्हणू?

पोळा झाला आणि ताग पिवळा झाला.
डोक्याच्या वर, मधमाश्यांसकट.
हाच दिवस सांगितला होता:
फुलावर आला की कापायचा,
घाट्या भरू द्यायच्या नाहीत,
नाहीतर खोडाचं लाकूड होतं
आणि माती ते वर्षभर चघळत बसते.

जयवंता कुंपणावरून पाहत होती.
"खाल्लं नाही, विकलं नाही, अन् गाडता?
येड लागलं का ड्रायव्हरसाहेब?"
मी विळा चालवत राहिलो.
तिच्याच भिंतीला उत्तर काय देणार.

बरबटीच्या शेंगा मात्र भागरतानं
गाडण्याआधी ओटीभर तोडल्या.
दहा-बारा काड्या तागाच्याही लपवल्या, दोरीसाठी.
मातीचं जेवण चाखून पाहिलं, म्हणाली.

मग आठवडाभर आंबूस वास,
कूलरच्या जुन्या गवतासारखा.
मग तोही गेला.

आज सकाळी उकिडवं बसून
बोट खुपसून पाहिलं.
पूर्वी नख वाकायचं.
आज पहिल्या पेरापर्यंत गेलं.
पुढे खरडी.

लाखोळी अजून फेकायची आहे.
वही काढली.
बावीस ट्रॉल्यांच्या खाली रेघ ओढली,
आणि लिहिलं:

जमा, एक पेर.