डावा बूट

सकाळी सातला आम्ही दोरी बांधली, मी आणि डूवे.
हे फ्रीसलंड. समुद्राच्याही खाली बसलेलं आमचं गाव.
इथं चढ नावाची गोष्टच नाही,
म्हणून अडथळे घरून आणावे लागतात:
गवताचे भारे, ट्रॅक्टरची टायरं,
चर्चमधून मागून आणलेली दोन बाकं.
देवानं दिलेला अडथळा एकच,
त्येर्डच्या गोठ्यामागचा चर.

चरात पाणी बेताचं. खाली निळसर काळी चिकणमाती.
ती आधी पाय घेते,
मग विचार करत बसते, परत द्यावा की नाही.

माझं काम काठावर उभं राहायचं आणि हात द्यायचा.
शाळेच्या मुख्याध्यापिका आणि त्यांनी
दोनदा नापास केलेला वीत्सं
एकाच रंगाचे होऊन, एकच शिवी देत
माझ्या दोन हातांना लोंबकळत वर आले.
नंतर त्यांना आठवलं आपण कोण ते,
आणि दोघं वेगवेगळ्या दिशेला थुंकले.

तारेपलीकडे गाई रांगेत उभ्या.
एवढी माणसं गवत न खाता इथून का जातात,
हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

मागच्या वर्षी गोसे इथंच अडकला होता.
माझा नवरा. बारावा होता तोवर.
गुडघा एकीकडे, तो दुसरीकडे,
डावा बूट तिसरीकडे, खाली.
त्येर्डनं त्याला शेणाच्या ढकलगाडीतून घरी आणला.
बुटाला बांधलेली वेळेची चकती हरवली
म्हणून क्लबनं सात युरो लावले.
मी भरले. त्याला सांगितलं नाही.
यंदा तो वाटाण्याच्या सूपवर आहे,
हातात पळी, तोंड समाप्तीरेषेकडे पाठ करून.

सगळे गेल्यावर येल्चे आली.
टपाल वाटते ती. एकोणीस वर्षं धावते,
एकोणीस वर्षं शेवटची.
तिच्यासाठी थांबायचं आणि मग दोरी सोडायची,
असंच ठरलेलं असतं.
कंबरेपर्यंत गेली, थबकली.
‘पायाखाली काहीतरी आहे,’ म्हणाली,
‘दगड नाही. दगड असा मऊ नसतो.’
खांद्यापर्यंत हात घातला, गाल पाण्याला टेकला,
आणि ओढलं.
चरानं असा आवाज केला
जसा म्हातारा माणूस खुर्चीतून उठताना करतो.

बूट. लेस गाठीसकट.
गाठ मी ओळखली. दुहेरी, वेडीवाकडी,
लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी शिकला नाही.

येल्चे तो हातात घेऊनच पळाली.
पळाली म्हणजे, तिच्या भाषेत.
मी दोरी तशीच टाकून मागोमाग.
रेषेवरच्या चटईवर तिचा पाय पडला: टुंग.
मग हात पुढे आला: टुंग.

माइकवरचा पोरगा बाहेरगावचा.
पडद्यावर आलं ते त्यानं वाचलं:
‘येल्चे, दोन तास चार मिनिटं.
आणि तिच्या पाठोपाठ, अं,
गोसे. तीनशे चौसष्ट दिवस,
दोन तास, चार मिनिटं.’

आधी कुणी हसलंच नाही.
मग गाव एकदम फुटलं.
येल्चे मात्र हसत नव्हती.
बूट छातीशी धरून विचारत होती प्रत्येकाला,
‘म्हणजे मी शेवटची नाही?
नाही ना मी शेवटची?’

गोसे वळला. पळीतून सूप बुटावर... नाही, गवतावर सांडलं.
‘तू हात मागे ठेवलास,’ तो तिला म्हणाला,
‘नाहीतर मी पुढे होतो.’
वर्षभरात या शर्यतीबद्दल
तो बोललेलं हे पहिलं वाक्य.

रात्री मागच्या शेडमध्ये नळ बराच वेळ चालू होता.
सकाळी कुंपणावर दोन बूट पालथे.
म्हणजे उजवा त्यानं ठेवला होता,
रंगाच्या डब्यांमागे कुठंतरी, मला न सांगता.
सात युरोंचं मी आता सांगावं का, बघू.

उजव्याची लेस पांढरी.
डावीची कधी होणार नाही.