वाळवण

सोहारमध्ये जूनला
पहाटे साडेचारलाच निघावं लागतं.
आधी मी पालथा हात रस्त्यावर टेकवते,
सातपर्यंत मोजते.
सोसवलं, तरच खारीकचे पंजे खाली.
रंग तोच, कपाळावरच्या सुरकुत्याही,
म्हणून नाव खारीक.

आल्यावर उकडलेल्या रताळ्याच्या चकत्या
जुन्या ओढणीवर, बाल्कनीत.
दुपारपर्यंत कडकडीत. ऊन इथलं, फुकटचं.
राखायला ती, काचेआड, एसीत.
कावळा दिसला की भुंकते.
रखवालीच्या पहिल्या दोन तिच्या.

बाकीच्या तुझ्या विटक्या मोज्यात
गाठ मारून लपवते.
ती घरभर हुंगत फिरते,
सोफ्याखाली, चपलांत,
पण दर वेळी आधी
तुझ्या बॅगेच्या जागी,
जिथे मी काहीच ठेवत नाही.