वेटिंग

सत्तावीस वर्षं रिक्षा चालवली
की माणूस रिक्षाच्या आकाराचा होतो.
गुडघे दुमडलेले, पाठीला पोक,
डावा हात झोपेतही क्लच दाबतो.
कौसल्या म्हणते, रात्री माझं मनगट पिळून
तुम्ही दुसरा गिअर टाकता.

मयूरी कल्याणीनगरला एका योगवर्गात
रिसेप्शनला बसते.
फी सांगते, पावती देते, काचेतून बघते.
एका रविवारी म्हणाली, पप्पा, आडवे व्हा.
मी म्हटलं, परत उभं कोण करणार?
ती म्हणाली, घाई कुणाला आहे,
हा योग फारसं काही न करण्याचा आहे.

पुण्यात काही न करण्याचीही फी असते
हे मला त्या दिवशी कळलं.

सामान आमचंच: दोन गोधड्या, एक लोड
आणि जुन्या सीटचा फोम, रेक्झिनसकट.
अप्परच्या डेपोपासून स्टेशनपर्यंत
त्यावर कोण कोण बसून गेलं, हिशोब नाही.
आता तो माझ्या गुडघ्याखाली.

पहिलं आसन फुलपाखरू.
तळव्याला तळवा, मान सैल,
पुढे झुकायचं, ढकलायचं नाही.
माझे गुडघे जमिनीपासून वीतभर वर,
अर्धं शटर अडकावं तसे.
"किती वेळ?"
"चार मिनिटं."
म्हणजे स्वारगेटचे दोन सिग्नल.
तेवढं मला तोंडपाठ आहे.
एकशेवीस, एकशेएकोणीस, एकशेअठरा…
त्या लाल आकड्यांसमोर
मी किती वर्षं दात आवळून काढली.
इथे आकडे तेच,
फक्त मागून कुणी हॉर्न देत नाही.

पहिल्या सिग्नलला मांडी शिव्या घालते.
दुसऱ्याला नुसती कुरकुरते.
आणि मग, नेमकं कधी ते सापडत नाही,
आतलं काहीतरी सुटायला लागतं,
वाटीतल्या चिंचेसारखं,
ओढून नव्हे, भिजून.

दीड महिना झाला.
गुडघा अजून वाजतो, खोटं कशाला सांगू.
पण संडासात भिंत धरावी लागत नाही,
आणि कौसल्याच्या मनगटाला रात्रीची सुट्टी.
परवा टिळक रोडवर एक गाडीवाला
उजवा इंडिकेटर देऊन डावीकडे घुसला.
तोंडातला शब्द मी गिळला असं नाही,
तो आलाच नाही.
मी जरा वाटही बघितली त्याची.

पण बाळासनाचं कुणी आधी सांगितलं नव्हतं.
कपाळ फोमवर टेकलं
आणि रेक्झिनमधून वास आला,
गजऱ्याचा, पेट्रोलचा, दवाखान्याचा.
ससूनच्या गेटपाशी एका म्हाताऱ्याने
मला चाळीस मिनिटं थांबवलं होतं.
बायकोला घेऊन आत गेला,
बायकोची पिशवी घेऊन बाहेर आला.
"वेटिंगचे किती?"
मी सांगितले.
त्याने सुटे मोजून दिले,
एक रुपया कमी पडला तर खिसे पुन्हा तपासले.

अकरा वर्षं हे कुठे होतं?
कंबरेत?
मयूरी म्हणाली, पप्पा, श्वास सोडा.
मी सोडला. बराच वेळ सोडत होतो.
लोडाची खोळ ओली झाली,
ती कुणी बदलली नाही, कुणी विचारलं नाही.

आता रोज संध्याकाळी, रिक्षा लावून,
मी चार-चार मिनिटं थांबतो.
पाय भिंतीला, पंखा एकवर,
बिबवेवाडीचा सगळा आवाज खिडकीशी.
मीटर टाकलेला नसतो.
काही दिवस म्हातारा येतो, बसतो, काही बोलत नाही.
काही दिवस कुणीच येत नाही.

काल कौसल्या दारात आली,
पिठाचे हात तसेच.
"भाकरी गार होतायत."
"दीड सिग्नल राहिलाय," मी म्हटलं.
ती उभी राहिली. मग गुडघा धरून,
हं हं करत, फोमच्या उरलेल्या कडेवर टेकली.
म्हणाली, "सरका थोडं पलीकडे."