एक रात्र आधी

लाइलने हिशेब विजेच्या बिलामागे मांडलाय :
हॉटेल एकशे एकोणनव्वद, टॅक्सी, दोन जेवणं.
"त्याच सकाळी निघू. पाचचं विमान,
मिनिआपोलिसला बदलायचं, दीडला मायामी.
जहाज चारला सुटतं. झालं की!"

खिडकीबाहेर डुलूथचा फेब्रुवारी.
सरोवर काठापासून पांढरं,
शेजारचा एमिल गाडीवरचं बर्फ खरवडतोय,
कालही खरवडत होता.

मी बोलत नाही. कॉफी ओतते.
चाळीस वर्षांत एवढं कळलंय,
या माणसाला आकड्यांनी हरवता येत नाही.

त्याची आई गेली तेव्हाही
गणित असंच होतं, "झालं की!"
फार्गोच्या अलीकडे रस्ता बंद झाला.
आम्ही चर्चमध्ये शिरलो तेव्हा
बायका सँडविचच्या थाळ्या धूत होत्या
आणि पाद्री हातमोजे चढवत होता.
टोपी हातात धरून लाइल
पुसलेल्या टेबलापाशी
बराच वेळ उभा होता.

तो विषय मी काढत नाही.
तोच बिल उलटं करतो, पुन्हा सुलटं.
"आदल्या दिवशीचं बघ," म्हणतो,
"खिडकीची जागा असली तर."

आता मायामीत, सहाव्या मजल्यावर,
समोर धक्का. रिकामा.
जहाज अजून यायचंय.
जन्मात पहिल्यांदा आम्ही
कुणाच्या तरी आधी पोहोचलोय.

"एकशे एकोणनव्वद," लाइल पुटपुटतो,
बूट काढतो, मोजेही,
आणि गोरेपान, सुरकुतलेले पाय
कठड्यावर उन्हात ठेवतो.