बिनकरकरीचं पायताण

पाणी एकोणचाळीस फुटांवर गेलं
त्या संध्याकाळी तंबूत उपदेश होता.
पाहुण्या पाळकानं कनातीला टांगला होता भला मोठा तक्ता,
सात शिक्के, सात कर्णे, सात वाट्या,
आणि काठी टेकवत तो विचारत होता,
‘सांगा, आज आपण कुठं आहोत?’
बाहेरून महापालिकेची रिक्षा ओरडत गेली,
राजाराम बंधारा, एकोणचाळीस फूट चार इंच,
नदीकाठच्या नागरिकांनी सावध राहावे.
माझ्या बापानं, शांतवन आवळ्यानं,
दोन्ही ऐकून घेतलं,
मांडीवरची टोपी झटकली, उठला.

वाटेत राहेलमावशी म्हणाली,
माझी ट्रंक भरून तयार आहे बघ शांतवन,
पांढरं लुगडं, बाप्तिस्म्याचा दाखला, जपमाळेएवढं सोनं.
मग जरा घुटमळून,
ढगात ट्रंक नेता येत असंल का रं?

घरी येऊन त्यानं वही काढली.
माझी पाचवीची, गणिताची, मागची कोरी पानं.
हसूरच्या सरपंचीणबाईंचा उजवा पाय शिवायचा राहिलाय.
दस्तगीरचाचाच्या कातड्याचे नऊशे.
शाळेच्या शिपायाकडनं पन्नास जास्त घेतले, मे महिन्यात.
आणि अगदी खाली, आकडा नाही, काही नाही,
नुसतं
थोमा.

थोमाकाका कोडोलीला.
अकरा वर्षं बोलणं नाही
एका पत्र्याच्या पडवीवरनं.
पडवी कधीच पडली.

वीज गेली. तबे, दिव्यात तेल घाल,
म्हणाला, आणि रापी दगडावर घासायला बसला.
चाळीस. एक्केचाळीस. एक्केचाळीस, नऊ इंच.
रिक्षा फिरत राहिली, बाप शिवत राहिला.
सुभाषनगरात पाणी येत नाही, आमची गल्ली उंचावर,
तरी शेजारपाजाऱ्यांनी गॅसच्या टाक्या माळ्यावर चढवल्या.
बापानं भावाच्या पायाचं माप आठवलं.
डावा पाय उजव्यापेक्षा बोटभर रुंद,
लहानपणी बैलगाडीखाली सापडलेला.
कागदावर नाही, हवेतच हातानं
काढून दाखवला त्यानं मला तो पाय.

करकर घालायची का? मी विचारलं.
आमच्याकडं तळाच्या दोन थरांत विंचवाचं बी घालतात,
माणूस गल्लीच्या तोंडाशी असतानाच
घरात कळतं, आला.
बाप हसला.
नको.
तो येणार हाय ना, त्याच्या बी पायात करकर नसणार.
चोरागत येतो म्हणून सांगितलंय.
करकर वाजली असती तर
सगळ्यांनीच घर झाडून ठेवलं असतं की.

बेचाळीस, आठ इंच. तरी तो केर्लीपर्यंत गेला,
पायताणाचा जोड पोटाशी, प्लास्टिकात.
रस्ता तिथं पाण्यात उतरला होता
आणि पलीकडं कुठंतरी परत वर निघत होता.
दोर बांधलेला. दुधाचे कॅन ओळीनं.
पोलीस म्हणाला, आजोबा, मागं फिरा.
बाप मागं फिरला नाही. पुढंही गेला नाही.
दोन तास उभा.
मग नावेतल्या एका पोराच्या हातात दिला जोड.
पोरानं विचारलं, कुणी दिला म्हणून सांगू?
काय सांगू नको, बाप म्हणाला.
माप कळंल त्याला.

पाणी त्रेचाळीसला टेकलं, थांबलं,
मग इंचाइंचानं उतरायला लागलं.
तक्ता गुंडाळून पाळक पुढच्या गावी गेला.
राहेलमावशीनं ट्रंक उघडून
लुगड्याला ऊन दिलं.
चिखल, गमबूट, ब्लीचिंगचा वास.

नवव्या दिवशी फोन वाजला.
पलीकडं बराच वेळ नुसता श्वास.
मग,
डावा जरा घट्ट हाय.
बाप काही बोलला नाही.
तोंडातला दोरा काढायचं विसरला होता.
सैल पडंल, म्हणाला शेवटी, घालत ऱ्हा.

त्या रात्री वहीतलं शेवटचं नाव
त्यानं खोडलं, ओलं बोट फिरवून,
पान फाटेपर्यंत.
झालं का सगळं? मी विचारलं.
दिवा कमी करत होते.
त्यानं माझा हात धरला.
राहू दे जरा.
शिपायाचे पन्नास अजून द्यायचेत.