झडप

इथे पूर्वी चिरूट वळत असत, असं मार्सी सांगते.
नदीकडच्या खिडक्या तेव्हाच विटांनी बुजवल्या,
तंबाखूला ऊन चालत नाही म्हणून.
आता आम्ही बावीस जण, बावीस पडदे,
तासाला साठ कागद.
कागद म्हणायचं आपलं. कागद कुठेच नाही.

नऊ लाख आले होते.
आधी तारखांची चाळणी: स्फोटाआधीची पाच वर्षं.
मग जुळी काढली. एकच पत्र सतरा जणांना गेलेलं असलं
तर सोळा गळतात, एक उरतं.
कोणतं, ते यंत्र ठरवतं.
मला ठरवावं लागत नाही, ते एक बरं.
मग शब्द. दोन्हीकडच्या वकिलांनी महिनाभर भांडून
अठ्ठावीस शब्द नक्की केले.
सहावा: झडप.

माझ्या वाट्याला व्हर्जिल हॅथकोट.
देखभालीचा मुकादम, दुसरी पाळी.
स्फोटात गेला नाही,
त्याच्या पुढच्या हिवाळ्यात गेला, घरी.

"तीन नंबरच्या टाकीची झडप अडकते. बदला."
संबंधित.
"झडप अडकते. मेमध्येही लिहिलं होतं."
संबंधित.
"पुढच्या तिमाहीत बघू."
हे त्याचं नाही, वरून आलेलं.
संबंधित, वर लाल खूण.
आणि मग मध्येच, त्याच आठवड्यातलं:

"लोरेटा, डॉक्टर म्हणतो झडप अडकते, बदला.
मी म्हटलं, पुढच्या तिमाहीत बघू.
तो हसला नाही. तू हसशील म्हणून लिहितोय.
सूप संपलं, डबा धुऊन ठेवलाय."

मी हसले.
जेवणाच्या सुट्टीला तीन मिनिटं होती.
असंबंधित.

यंत्र आमच्या बोटांकडे बघून शिकतं,
हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं त्यांनी, डोनट वाटताना.
मी एकदा नाही म्हटलं.
त्यानं ते चारशे अकरा वेळा ऐकलं.
बहिणीला लिहिलेलं सगळं एका रात्रीत तळाशी गेलं,
कुणी पुन्हा उघडू नये अशा ठिकाणी.

गुरुवारी मार्सीनं गाळ तपासायला दिला.
शंभरातली पाच. शितावरून भात.
चौथं शीत हे होतं.
यात सहावा शब्द नव्हताच,
आधीच्या पत्राचं शेपूट धरून आत आलेलं:

"लोरेटा, कुत्र्याचा पाय बरा आहे.
टोमॅटोला कीड लागली.
आज परत सांगितलं त्यांना, तोंडी.
लिहू नकोस म्हणाले.
म्हणून तुला लिहितोय."

मी खूण बदलली.
यंत्रानं तेही निमूट शिकून घेतलं, राग नाही, लोभ नाही.
सकाळी चारशे अकरा पत्रं वर तरंगत आलेली,
कुत्र्यासकट, डब्यासकट.
आता ती समोरच्या बाजूला जाणार,
प्रत्येकाच्या पायाशी एकेक नंबर.
लोरेटा कुठे आहे, आहे का, मला माहीत नाही.
तिला कुणी विचारलेलं नाही.

खासगी असेल ते झाका, असा नियम.
काळी पट्टी ओढायची, माउस सोडायचा.
मी कुत्रा झाकला. टोमॅटो झाकले.
सूप झाकताना उगीच भूक लागली.
छातीतल्या झडपेपाशी हात थांबला.
ही खासगी, की संबंधित?
मार्सीला विचारलं.
ती घड्याळाकडे बघत म्हणाली, ठरव गं, पंधरा कागद मागे आहेस.

बुजलेल्या खिडकीपलीकडे
कोळशाच्या पडावानं भोंगा दिला.
विटांमधून दिसत काही नाही, ऐकू मात्र येतं.

डॉक्टर झाकला. झडप झाकली.
तो न हसलेला माणूसही झाकला.
"पुढच्या तिमाहीत बघू"
एवढंच उघडं ठेवलं, काळ्याच्या मधोमध.

कुणी विचारलं तर सांगेन,
पट्टी सरकली.